पोरांना वाचायला शिकवताना या चुका टाळा

आमच्या लेकीला बाराखडी तोंडपाठ होती, पाहुणे आले की एका दमात म्हणून दाखवायची आणि आम्ही सगळे खूश. एकदा लग्नपत्रिकेवरच्या 'मो'वर बोट ठेवून विचारलं हे काय गं, तर ती म मा मि मी करत अख्खी ओळ म्हणत 'मो'पर्यंत आली आणि मग म्हणाली, मो. तेव्हा कळलं की पोरगी वाचत नाहीये, ती गाणं म्हणतेय. ही चूक घरोघरी होते. अक्षरं ओळीने न विचारता मधलंच कुठलंही विचारा, आणि पुस्तकातलं चित्र हाताने झाकून बघा, लगेच कळेल.

दुसरं म्हणजे क ख ग घ ङ असं क्रमानेच शिकवायचा हट्ट. ङ वरून पोराला कुठला शब्द सांगणार हो? त्यापेक्षा आधी म, ग, र, न ही चारच घ्या. मगर, नगर, गरम, नरम, मन, मग, एवढे शब्द चार अक्षरांत होतात, आणि काना आला की राग, नाग, मामा, नाना. आम्ही सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या खोलीतल्या, फरशीवर खडूने चार चौकोन काढायचो, मी मगर म्हटलं की तिने लंगडी घालत म, ग, र वर जायचं, मग तिने शब्द सांगायचा आणि मी उड्या मारायच्या. इकडे पावसाळ्यात पोरं दिवसच्या दिवस घरात असतात, तेव्हा हा खेळ फार कामाला येतो.

घ-ध आणि भ-म एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झालं की आठवड्याने दुसरं, आणि तेव्हा वरची रेघ दाखवा, ध आणि भ ची रेघ तुटते, घ आणि म ची सलग असते. ताटात तांदूळ पसरून बोटाने गिरवलं की हे हाताला कळतं.

पहिली वेलांटी लई पोरांना अडवते. डोळ्याला वेलांटी आधी दिसते आणि तोंडात अक्षर आधी येतं, मग 'किती' वाचताना पोरगं अडखळतं आणि आपण ओरडतो. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं काढून कापा, वेलांट्या वेगळ्या कापा, आधी क ठेवायचा मग त्याला वेलांटीची छत्री द्यायची, चार दिवसांत फरक दिसतो.

आता आपल्या कर्नाटक सीमेवरच्या भागातलं. एसटीवरची पाटी कन्नड, शाळेत इंग्लिश, घरात मराठी, म्हणून पोरगं गोंधळतं, एक भाषा बंद करा असं सांगणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. कन्नडचं कागुणित म्हणजे आपली बाराखडीच, अक्षराला मात्रा जोडायची हे एका लिपीत कळलं की दुसरीत सोपं जातं. फक्त एकाच बैठकीत तिन्ही लिप्या घेऊ नका. आम्ही मराठी संध्याकाळी घरात करायचो, कन्नड अक्षरं बस स्टॉपवर ओळखायची.

आणि बोलीवरून टोकू नका. पुस्तकात 'पण' असतं आणि पोरगं 'खरं' वाचतं, कारण आपण घरात 'पण'ला 'खरं'च म्हणतो. म्हणजे त्याला अर्थ कळलाय! वाक्य पूर्ण होऊ द्या, मग हळूच त्या शब्दाकडे परत या, हे बघ इथं प आहे काय ख? मध्येच तोडलं की पुढचं वाक्य ते वाचतच नाही, आपल्या तोंडाकडे बघत बसतं.

वेळ दहा मिनिटं पुरे, पोरगं 'अजून एकदा' म्हणत असतानाच थांबवा.

एवढं करूनही ओळखीची अक्षरं रोज विसरत असेल, फळ्याकडे डोळे बारीक करून बघत असेल, हाक मारली तरी लक्ष देत नसेल तर आळशी म्हणू नका, आधी डोळे आणि कान तपासून घ्या. दोन्ही ठीक निघालं तर बाईंशी बोला, डिस्लेक्सियाची, म्हणजे हुशार असूनही वाचायला-लिहायला जड जातं त्याची, तपासणी करून घ्यायची काय विचारा.