बॅकलिंक मिळवायच्या कोणत्या मार्गाने? हापूस विकणाऱ्या साइटवर पद्धती ताडून पाहू

देवगडच्या एखाद्या बागायतदाराची साइट डोळ्यासमोर आणा. आंबा थेट ग्राहकाच्या घरी पाठवणारी, तीस-चाळीस पानांची. माल उत्तम, पण 'देवगड हापूस ऑनलाइन' असं शोधल्यावर ती तिसऱ्या पानावर. गूगलला आंब्याची चव कळत नाही. इतर साइट्स कोणाकडे बोट दाखवतात ते मात्र दिसतं. दुसऱ्या साइटवरून तुमच्या पानाकडे येणारी अशी लिंक म्हणजेच बॅकलिंक. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या पेजरँकचं मूळ हेच होतं: ज्या पानाचा हवाला जास्त ठिकाणी, आणि वजनदार ठिकाणी दिला जातो, ते पान महत्त्वाचं. आज लिंक हा अनेक निकषांपैकी एक आहे. त्यामुळे पानावर भाव, आंब्याचं वजन आणि माल कुठल्या पिनकोडपर्यंत पोचतो हे लिहिलेलंच नसेल, तर आधी ते लिहा.

कुठलीही पद्धत तपासताना एकच प्रश्न विचारा: गूगल नसतं, तरी समोरच्याने ही लिंक दिली असती का? उत्तर 'हो' असेल तिथे कष्ट घाला.

सुरुवात हरवलेल्या लिंक्सपासून

साइटची थीम किंवा प्लॅटफॉर्म बदलताना पानांचे पत्ते बदलतात. जुन्या पत्त्यांना दिलेल्या लिंक्स मग 404 वर, म्हणजे 'पान सापडलं नाही' या पाटीवर, येऊन थांबतात आणि त्यांचं वजन वाया जातं. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या फुकट साधनात 'पेजेस' अहवाल उघडा, 404 ची यादी काढा. त्यातल्या महत्त्वाच्या पत्त्यांवर यूआरएल इन्स्पेक्शन चालवलं, तर गूगलला तो पत्ता कुठल्या पानावरून सापडला हे बऱ्याचदा दिसतं. एचरेफ्स वेबमास्टर टूल्स या लिंक्स तपासणाऱ्या साधनात स्वतःच्या साइटची मालकी सिद्ध केली, की तुटलेल्या बॅकलिंक्स फुकट पाहता येतात.

मग प्रत्येक जुन्या पत्त्याला त्याच विषयाच्या नव्या पानाकडे 301 रीडायरेक्ट, म्हणजे कायमची वळवणी, द्या. इथे एक चूक सर्रास होते: सगळे जुने पत्ते एकजात होमपेजकडे वळवले जातात. 'आंबा पिकवायचा कसा' या पानाची लिंक होमपेजवर उघडली, तर गूगल तिला 'सॉफ्ट 404', म्हणजे पान नसल्यासारखंच, समजतं आणि हाती काही लागत नाही. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा. खरं तर काढूच नका.

याला लागून दुसरं काम. तुमच्या बागेचं नाव बातमीत किंवा प्रवासवर्णनात आलेलं असतं, पण लिंक नसते. गूगलमध्ये नाव अवतरण चिन्हांत टाका आणि पुढे उणे चिन्ह, 'साइट' हा इंग्रजी शब्द, अपूर्णविराम आणि स्वतःचं डोमेन जोडा, म्हणजे स्वतःची पानं गाळली जातील. जे सापडेल त्याच्या लेखकाला चार-पाच ओळींचा मेल पाठवा: उल्लेखाबद्दल आभार, पानाचा पत्ता, लिंक कुठल्या वाक्यात बसेल. आठ दिवसांनी एकदा आठवण करा. तिसरा मेल नको.

लोक आपणहून लिंक देतील असं एक पान

कष्ट सगळ्यात जास्त इथे आणि फळही सगळ्यात टिकाऊ. विक्रीच्या पानाला कोणी लिंक देत नाही. पत्रकार, पाककृती लिहिणारे, परदेशातली महाराष्ट्र मंडळं यांना हवी असते ती माहिती. हापूसच्या बाबतीत ती कुठली? वाशीच्या बाजार समितीतली आवक आणि भाव. मार्च ते मे हा प्रश्न दर आठवड्याला विचारला जातो आणि सलग नोंद फारशी कुठे मिळत नाही.

तक्ता असा करा: तारीख, कोकणातून आलेल्या पेट्या, इतर राज्यांतून आलेला माल वेगळा, किमान आणि कमाल भाव, आणि पेटीत किती डझन. शेवटचा रकाना गाळलात तर तक्ता निरुपयोगी ठरतो, कारण पेटी चार डझनांचीही असते आणि आठ डझनांचीही. आकडा कुठून घेतला ते तक्त्याखाली लिहा. शेजारी भौगोलिक मानांकनाची माहिती द्या: 2018 मध्ये हापूसला ते मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. कर्नाटकी आंबा कसा ओळखावा हे स्वतःच्या फोटोंसह दाखवलंत, तर लिंक देणाऱ्याला आणखी एक कारण मिळतं.

असं पान फसतं ते तीन कारणांनी. पहिलं, पानाच्या पत्त्यात साल घालतात आणि दर वर्षी नवं पान काढतात. लिंक्स विखुरतात आणि प्रत्येक हंगामात शून्यापासून सुरुवात होते. पत्ता कायमचा एकच ठेवा, जुने तक्ते त्याच पानावर खाली सरकवा. दुसरं, तक्ता चित्र म्हणून टाकतात. त्यातले आकडे कोणाला उचलता येत नाहीत आणि शोधातही नीट सापडत नाहीत. तिसरं, पान एप्रिलमध्ये तयार होतं. फेब्रुवारीत ते चालू हवं, म्हणजे हंगामाच्या पहिल्या बातम्या लिहिल्या जाताना ते सापडेल. आणि या पानावरून तुमच्या विक्रीच्या पानाला मजकुरातूनच एक-दोन लिंक्स द्या, नाहीतर मिळालेलं वजन तिथेच अडकून राहील.

गेस्ट पोस्ट, तुटक्या लिंक्स, डिरेक्टरी

गेस्ट पोस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या साइटवर आपला लेख, अजून चालते, पण लेख तुमच्या अनुभवाचा आणि साइट खऱ्या वाचकांची हवी. तेव्हा गूगलमध्ये वेबस्पॅमविरोधी काम पाहणाऱ्या मॅट कट्स यांनी जानेवारी 2014 मध्येच लिंकसाठी केलेल्या गेस्ट ब्लॉगिंगपासून लोकांना सावध केलं होतं. साइट पारखायला तिचे शेवटचे पाच लेख उघडा. आंबा, कर्ज, कसिनो आणि केसगळती एकाच रांगेत दिसली, तर परत फिरा. डीए (डोमेन ऑथॉरिटी), डीआर (डोमेन रेटिंग) हे साइटचं वजन सांगणारे आकडे खाजगी कंपन्यांचे आहेत, गूगल ते वापरत नाही. नुसत्या त्या आकड्यावर साइट निवडू नका. अँकर टेक्स्टमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर लिंक असते त्यांत, बागेचं नाव किंवा वाक्यात सहज बसणारे शब्द ठेवा. दहा लेखांत दहा वेळा 'बेस्ट देवगड हापूस ऑनलाइन' आलं, तर तो ठसा लगेच ओळखू येतो. लेखासाठी पैसे दिले असतील तर लिंकवर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' ही खूण (ही लिंक रँकसाठी मोजू नका असं गूगलला सांगणारी) हवीच.

दुसऱ्याच्या पानावरची मेलेली लिंक शोधून तिच्या जागी आपलं पान सुचवणं हे काम प्रामाणिक आहे, पण वेळखाऊ. वेब अर्काइव्हवर जुनं पान पाहा आणि त्याच तोडीचं पान असेल तरच मेल करा. डिरेक्टरी, म्हणजे व्यवसायांच्या याद्या, मोजक्याच निवडा, जिथे ग्राहक खरंच शोधतो. नाव, पत्ता, फोन सगळीकडे अक्षरशः एकसारखा ठेवा. विकिपीडियावरच्या बाहेरच्या लिंक्स 'नोफॉलो' असतात, रँकसाठी तिथे घुसू नका.

पैसे मोजून '500 बॅकलिंक्स'

घेऊ नका. फेब्रुवारी 2011 मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानांच्या साखळीसाठी असंबद्ध साइट्सवर पेरलेल्या हजारो लिंक्स न्यूयॉर्क टाइम्सने उघड केल्या. एका शब्दासाठी ती पहिल्या क्रमांकावरून काही तासांत 71 वर गेली. पुढे 24 एप्रिल 2012 ला बनावट लिंक्स पकडणारं गूगलचं पेंग्विन अपडेट आलं, आणि सप्टेंबर 2016 पासून ते गूगलच्या मूळ यंत्रणेतच आहे. आता अशा लिंक्सचं वजन बहुतेक वेळा गुपचूप शून्य केलं जातं, म्हणजे रँक हलत नाही आणि पैसे गेल्याचं कळतही नाही. मुदत संपलेली डोमेन्स विकत घेऊन त्यांवर भलताच मजकूर चढवणं मार्च 2024 पासून स्पॅम धोरणात नाव घेऊन नोंदवलेलं आहे.

जुन्या एजन्सीने असं काही करून ठेवलं असेल, तर सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल ॲक्शन्स', म्हणजे गूगलच्या माणसांनी केलेली कारवाई, पाहा. तिथे काही नसेल तर डिसअव्हाउच्या (ठराविक लिंक्स मोजू नका असं गूगलला कळवण्याच्या) वाटेला सहसा जाऊ नका. चांगल्या लिंक्सही कापल्या जातात. कारवाई असेल तर आधी लिंक्स काढून घेण्याची विनंती करा, राहिलेल्यांची साधी टेक्स्ट फाइल करा, एका ओळीत एक डोमेन, आणि काय काय केलं ते लिहून फेरविचाराचा अर्ज द्या.

परिणाम मोजताना

लिंक मिळाल्यावर फरक दिसायला काही आठवडे, कधी महिने लागतात. सर्च कन्सोलमध्ये ज्या पानाला लिंक मिळाली त्याच पानाचे इंप्रेशन्स (शोधात ते किती वेळा दिसलं) आणि सरासरी स्थान पाहा. मार्चची तुलना फेब्रुवारीशी करू नका. आंब्याचा शोध तेव्हा आपोआपच वाढतो आणि कुठलीही पद्धत यशस्वी वाटते. मागच्या वर्षीचे तेच आठवडे समोर ठेवा. सर्च कन्सोल 16 महिन्यांपुरतीच माहिती ठेवतं, म्हणून हंगाम संपला की जूनमध्ये आकडे एक्स्पोर्ट करून ठेवा.