व्हिक्टोरियन (राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या) शहरांचे मृत्युदर वाचताय? या चुका टाळा

लंडनचा साप्ताहिक मृत्यूतक्ता मी पहिल्यांदा उघडला तेव्हा ‘हजारी २४’ हा आकडा दिसला. एका आठवड्याचा, म्हणून ५२ ने गुणला. उत्तर आलं १२४८. म्हणजे वर्षभरात दर हजार लंडनकरांमागे बाराशे अठ्ठेचाळीस मेले!

हा घोळ अनेकांचा होतो. रजिस्ट्रार जनरलच्या, म्हणजे जन्ममृत्यूंची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कचेरीतून निघणारा साप्ताहिक दर आधीच वार्षिक करून छापलेला असे. पाच लाख वस्तीच्या शहरात आठवड्यात २५० माणसं दगावली, तर २५० गुणिले ५२ म्हणजे १३,०००. त्याला पाच लाखांनी भागलं की हजारी २६. आठवडा तसाच गेला तर वर्षाचा दर एवढा पडेल, इतकाच त्याचा अर्थ. तक्त्याच्या डोक्यावर ‘वार्षिक दर’ लिहिलंय का, ते आधी बघा. भाजकही तपासा. क्षयाचे दर पुष्कळदा दर दहा लाखांमागे दिलेले असतात.

यापेक्षा खोल खड्डा ‘झायमोटिक’ या शब्दाचा, म्हणजे जुन्या तक्त्यांतल्या साथीच्या रोगांच्या एका गटाच्या नावाचा. याचं भाषांतर लोक बिनदिक्कत ‘संसर्गजन्य’ असं करतात आणि लेख लिहून मोकळे होतात. त्या काळच्या प्रमुख झायमोटिक रोगांची यादी सातांची: देवी, गोवर, स्कार्लेट ज्वर, घटसर्प, डांग्या खोकला, ‘ताप’ आणि हगवण. क्षय त्यात नाही. न्यूमोनियाही नाही. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, तरी त्यानंतरही झायमोटिक दरात क्षय धरला जात नसे. आणि तरुण, कमावत्या माणसांचा सर्वांत मोठा मारेकरी तर क्षयच होता! संसर्गाचे एकूण बळी हवे असतील तर क्षयाचा रकाना शोधून वेगळा मिळवावा लागतो.

त्या सातांतला ‘ताप’ हाही एक बेरकी गडी. इंग्लंड-वेल्सच्या सरकारी नोंदींत टायफस आणि टायफॉइड यांचे रकाने वेगळे झाले ते १८६९ मध्ये. त्याआधीचा एकत्र ‘ताप’ आणि नंतरचा एकटा टायफॉइड शेजारी मांडून ‘बघा, गटारं आली आणि रोग पळाला’ म्हणणं म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या टायफसच्या ओसरण्याचं श्रेय गटारांना देणं. टायफॉइड दूषित पाण्यातून येतो, तिथे गटारांचा आणि नळाच्या पाण्याचा वाटा खराच. पण मोजायचा तर १८६९ नंतरच्या आकड्यांवरून. कारणांच्या नोंदीवर १८७४ च्या कायद्याआधी फार भिस्तही ठेवू नका. डॉक्टरी दाखल्याची सक्ती त्या कायद्याने आली.

इस्पितळांचं काय? १८६७ मध्ये लंडनसाठी मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्ड हे गरीब रुग्णांची सोय करणारं मंडळ स्थापन झालं आणि पुढे होमर्टन, स्टॉकवेल अशा ठिकाणी तापाची इस्पितळं उभी राहिली. रुग्ण दुसऱ्या भागातला, मृत्यू मात्र इस्पितळाच्या भागात नोंदलेला. कच्च्या आकड्यांत तो भाग उगाच बदनाम होतो. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालात बाहेरचे मृत्यू वजा केलेला ‘दुरुस्त’ दर असेल, तर तो घ्या.

हद्दवाढीकडेही लक्ष ठेवा. लिव्हरपूलने १८९५ मध्ये वेव्हरट्री, वॉल्टन वगैरे उपनगरं पोटात घेतली. मोकळ्या हवेतली वस्ती भाजकात आली की गोदीजवळच्या गल्ल्यांत काहीही न बदलता शहराचा दर सुधारतो.

आणि एकूण दर घसरला म्हणजे तान्ही मुलंही वाचली, असं समजू नका. इंग्लंड-वेल्समध्ये १८९९ साली दर हजार जन्मांमागे १६३ अर्भकं गेली. उन्हाळ्यातली हगवण हे त्यातलं एक मोठं कारण. या दराचा भाजक जन्म आहेत, लोकसंख्या नव्हे. दोन्ही दर एकाच आलेखात एकाच मापाने काढलेले मी पाहिलेत.

आपल्या मुंबईच्या प्लेगचे आकडे याच काळातले, आणि तिथे भाजकच पळून गेलेला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग ओळखला गेला आणि काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. त्या हिवाळ्याचे मृत्यू १८९१ च्या खानेसुमारीतल्या ८,२१,७६४ लोकसंख्येने भागले की दर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. १९०१ च्या खानेसुमारीत ७,७६,००६ भरले, पण तीही प्लेग चालू असतानाच झालेली. तो आकडा इतर वर्षांना लावला तर दर फुगायची भीती. त्यात घरझडती आणि सक्तीच्या विलगीकरणाच्या धास्तीने लोक रोग लपवत, म्हणजे प्लेगचा रकानाही अपुराच. तेव्हा लोकसंख्येच्या नादी न लागता त्या आठवड्याचे सर्व कारणांचे एकूण मृत्यू घ्या, १८९६ च्या आधीच्या पाच वर्षांतल्या त्याच आठवड्याची सरासरी काढा आणि वजाबाकी करा. उरतील ते जादा मृत्यू, म्हणजे प्लेगच्या बळींचा अंदाज.