हंसाची अंडी मशीनला लावण्याआधी

हंसाचं अंडं उबवण्याच्या मशीनमध्ये (इन्क्युबेटरमध्ये) ठेवलं की साधारण तीस दिवसांनी पिल्लू बाहेर येतं आणि पुढचे दोन महिने ते पूर्णपणे तुमच्या जिवावर असतं. तयारी करायची ती या तीन महिन्यांची. म्हणून अंडी आणण्याआधी कॅलेंडर समोर घ्या. पुढच्या पाच आठवड्यांत घरात लग्नकार्य असेल, गावी जायचं असेल आणि मागे अंडी पलटायला भरवशाचं माणूस नसेल, तर ही अंडी सोडा, पुढची घ्या. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे टाळलेलाच बरा. घरगुती मशीन हवा तापवू शकतं, गार करू शकत नाही. खोलीच ४२ अंशांवर गेली, तर आत ३७.५ राहणं शक्यच नाही.

अंडी देणाऱ्याकडे नर किती आणि माद्या किती, हे आधी विचारा. एका नरामागे तीन-चार माद्या असतील आणि त्यांना उतरायला पाणी असेल, तर अंडी फळलेली असण्याची शक्यता चांगली, कारण हंसांची जोडी बहुधा पाण्यातच लागते. पहिल्याच हंगामातल्या मादीच्या अंड्यांवर फार भिस्त ठेवू नका. अंडी आठवडाभराच्या आतली हवीत, धुतलेली नकोत. वरचं नैसर्गिक आवरण धुतलं गेलं की जंतूंना आत वाट मिळते, म्हणून माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी. फ्रिजमध्ये ठेवू नका, घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवा. एसटीने किंवा गाडीवरून धक्के खात आली असतील, तर टोकदार बाजू खाली करून एक दिवस स्वस्थ राहू द्या, मगच मशीनला लावा. आणि हे सगळं पाळीव हंसांबद्दल आहे. हिवाळ्यात उजनी-जायकवाडीवर उतरणारे पट्टकादंब हे रानहंस इथे अंडी घालत नाहीत, आणि त्यांना हात लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

मशीन घेताना ‘पन्नास अंड्यांचं’ या शब्दावर जाऊ नका, ती मोजणी कोंबडीच्या अंड्यांची असते. हंसाचं अंडं १२० ते २०० ग्रॅम भरतं, ते त्या खाचांत बसतच नाही. ट्रे काढून अंडी आडवी ठेवायची आणि हाताने पलटायची. पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल आणि शेजारी अंड्याचा नंबर टाका. दिवसातून किमान तीन वेळा, जमलं तर पाच वेळा पलटा. खेप विषम असली की लांबलचक रात्रीची बाजू रोज बदलते.

मशीन रिकामं दोन दिवस चालवा. पंख्याचं असेल तर ३७.५ अंश, बिनपंख्याचं असेल तर अंड्याच्या माथ्याशी मोजून ३८.३ च्या आसपास. मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा तापमापक आणि आर्द्रतामापक आत ठेवा. आर्द्रतामापक खरा आहे का, ते घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, मापक आणि झाकण एका डब्यात घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दिसायला हवा. ७० दिसला, तर तुमचं यंत्र पाचने कमी दाखवतं, आणि ते लक्षात ठेवून पुढचं सगळं वाचायचं. मशीनचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. फुटू लागलेल्या अंड्याचा वास मुंग्यांना फार लांबून लागतो.

लाइटचा बंदोबस्त या यादीत सगळ्यांत वर हवा. इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावर किती तास चालतं, ते आधीच प्रत्यक्ष चालवून बघा. नसेल तर जाड गोधडी आणि गरम पाण्याच्या बाटल्या तयार ठेवा. लाइट गेली की झाकण उघडू नका, वरून गोधडी टाका. मोठं अंडं उष्णता बराच वेळ धरून ठेवतं, तासा-दोन तासांच्या गारव्याने गर्भ सहसा दगावत नाही. जास्त उष्णता मात्र फार लवकर जीव घेते. शेजारी एखादी खुडूक कोंबडी असेल तर तोही उत्तम पर्याय. देशी कोंबडीखाली चार-पाच अंडी बसतात. तिला ती पलटवत नाहीत एवढंच, ते काम तुमचं.

आता वजनकाटा. माझ्या मते, या सगळ्या सामानात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा सर्वांत महत्त्वाचा. अंड्यातलं पाणी हळूहळू उडून जावं लागतं, तेव्हाच बोथट बाजूची हवेची पोकळी वाढते आणि शेवटी पिल्लू त्याच पोकळीत पहिला श्वास घेतं. २८ दिवसांत वजन साधारण १४ टक्क्यांनी घटायला हवं. म्हणजे १६० ग्रॅमचं अंडं त्या दिवशी १३८ च्या आसपास भरावं, आठवड्याला साडेपाच ग्रॅम उतरावेत. वहीत अंड्याचा नंबर आणि दर आठवड्याचं वजन लिहा. कमी घटलं तर मशीनमधलं पाणी काढा, जास्त घटलं तर वाढवा. पुस्तकात ५० ते ५५ टक्के आर्द्रता लिहिलेली असते, पण कोकणात जुलैत बाहेरचीच हवा इतकी ओली असते की मशीनमध्ये एक थेंब पाणी न घालताही काम भागतं. सोलापुरात फेब्रुवारीत दोन वाट्या ठेवल्या तरी अपुऱ्या पडतील. जागा आणि महिना बदलला की आकडा बदलतो, काटा मात्र खरं सांगतो.

आठव्या-नवव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बॅटरी लावून बघा. कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. पूर्ण स्वच्छ किंवा रक्ताचं नुसतं कडं दिसलं, तर ते अंडं काढून टाका, सडलं तर मशीनमध्ये फुटू शकतं. याच सुमाराला रोज एकदा झाकण उघडून दहा-पंधरा मिनिटं अंडी निवू द्या आणि कोमट पाण्याचा फवारा मारा. मादी चरायला उठते, पंख ओले करून परत येते, त्याचीच ही नक्कल. स्प्रेची बाटली फक्त याच कामाला ठेवा, औषध मारलेली नको.

सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी पलटणं आणि फवारा बंद, आर्द्रता ७०-७५ वर, खाली पाय घसरणार नाही अशी जाळी. पिल्लू आधी आतली पोकळी फोडतं, मग कवचाला टवका पडतो, आणि त्यानंतर ते तासन्‌तास गप्प राहतं. हंसाच्या बाबतीत टवक्यापासून बाहेर येईपर्यंत दीड-दोन दिवस जाणं नेहमीचं आहे. या वेळात ते आवरणातल्या शिरांमधलं रक्त आणि बलक पोटात ओढून घेत असतं. घाईने कवच सोललं तर रक्तस्राव होऊन ते जातं. झाकण उघडू नका. घरातल्या मुलांनाही हे आधी नीट समजावून ठेवा.

पिसं फुलून कोरडी होईपर्यंत पिल्लू मशीनमध्येच राहिलं तरी चालतं, एक दिवस त्याला काही लागत नाही. पण उबेची पेटी तोवर तापलेली हवी. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३४ अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. एलईडी दिव्याला ऊब नसते, पिवळे जुने बल्ब शोधून ठेवा आणि एकाऐवजी दोन लावा, म्हणजे रात्री एक गेला तरी दुसरा राहील. दिवा पेटीच्या एकाच कोपऱ्यात हवा, म्हणजे उकडलं तर पिल्लं लांब सरकतील. खाली वर्तमानपत्र घालू नका, त्यावरून पाय फाकले की सरळ होणं कठीण. पहिले दिवस गोणपाट, मग भाताचं तूस.

खाद्याचं दुकान आधीच गाठून ठेवा. बदकाचं स्टार्टर (पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य) मिळालं तर उत्तम, २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं, आणि औषध मिसळलेलं नको. कोंबडीचंच खाद्य मिळत असेल तर त्यात नायासिन (ब-३ जीवनसत्त्व) कमी पडतं. कोंबडीच्या पिल्लाला किलोमागे ३५ मिलिग्रॅम पुरतं, हंसाच्या पिल्लाला ६५ लागतं. ते न मिळाल्यास गुडघे सुजतात, पाय वाकडे होतात. ते भरून काढायला ब्रूअर्स यीस्ट आणून ठेवा, प्रमाण पशुवैद्यकांना विचारा. तीन आठवड्यांनंतर प्रथिनं १५-१६ टक्क्यांवर आणा, नाहीतर वजन पेलवत नाही आणि पंख बाहेरच्या बाजूला वळतात. पहिल्याच आठवड्यापासून बारीक चिरलेली हरळी, लसूणघास द्या, सोबत चिमूटभर खरखरीत वाळू. गवत फवारणी केलेल्या शेताच्या बांधावरचं नको.

पाण्याचं भांडं असं हवं की नाकपुड्यांपर्यंत चोच बुडेल, पण पिल्लू आत पडणार नाही. मशीनमधून निघालेल्या पिल्लाच्या पिसांना आईचं तेल लागलेलं नसतं. टबात सोडायचं तर पाच मिनिटं, समोर बसून, आणि लगेच उबेत.

एकटं पिल्लू वाढवू नका. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लॉरेन्झ यांनी राखी हंसांच्या पिल्लांवर हेच अभ्यासलं होतं की जन्मल्यावर पहिल्यांदा जे हलताना दिसतं, त्यालाच ती आई मानतात. १९७३ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. एकुलतं पिल्लू तुम्हाला आई मानेल आणि तुम्ही खोलीबाहेर गेलात की ओरडून ओरडून दमेल. किमान दोन-तीन असावीत, म्हणूनच सहा-आठ अंडी लावावीत.

घरात कोंबड्या असतील तर पिल्लं वेगळी ठेवा, चप्पल वेगळी ठेवा, हात धुवा. २००६ मध्ये नवापूर आणि २०२१ मध्ये परभणीतलं मुरुंबा इथे बर्ड फ्लूने काय झालं, ते कुक्कुटपालकांना सांगायला नको. लसीकरणासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात अंडी लावतानाच विचारून या.

शेवटचं काम सुताराचं. सहाव्या आठवड्यापर्यंत पिल्लं पेटीत मावत नाहीत, म्हणून खुराडं आत्ताच सांगून ठेवा. मुंगूस आणि घूस शिरणार नाही अशी बारीक जाळी जमिनीखाली वीतभर गाडलेली, दाराला बाहेरून कडी, आणि वरही जाळी, कारण दिवसा घार येते.