प्रवासाच्या नोंदीमुळे भत्ता थांबला तर

परदेश प्रवासाच्या नोंदीवरून सरकारी भत्ता थांबवल्याचं पत्र आलं की मी आधी उत्तराची शेवटची तारीख पेनाने ठळक गोल करायला सांगते. मग पत्रातली प्रवासाची तारीख आणि आपलं तिकीट शेजारी ठेवून ताडून बघा. बरेचदा जाण्याची नोंद सापडते, परतीची नसते, म्हणून तुम्ही देश सोडून गेलात असं धरलं जातं. २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये अशा अपुऱ्या नोंदींवरून सुमारे २३,५०० कुटुंबांचा बालभत्ता, म्हणजे मुलांसाठी सरकार पालकांना देतं ते पैसे, थांबवला होता. शेजारच्या आयर्लंड देशातल्या डब्लिनमार्गे ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडला परतलेले पालकही त्यात अडकले.

परतल्याचा पुरावा आपणच द्यायचा, हे मला अजूनही अन्यायाचं वाटतं. पण पैसे सुरू व्हायचे तर द्यावाच लागतो. विमानतळावरच्या स्वयंचलित गेटवर पासपोर्टवर शिक्का बसत नाही, म्हणून बोर्डिंग पास जपा. तो नसेल तर परतल्यानंतरची बँकेची नोंद, मुलांची शाळेतली हजेरी, पगाराची स्लिप चालू शकते. माझ्याकडे आलेल्या एका ताईंकडे फक्त औषधाच्या दुकानाची चुरगळलेली पावती होती, पण तारीख स्वच्छ दिसत होती. तीही जोडली.

तिकीट काढून गेलाच नसाल, तर रद्द केल्याचा ईमेल लावा. मूळ कागद कधीच पाठवू नका, प्रतीच द्या. निर्णय चुकीचा वाटला तर फेरविचाराचा अर्ज लेखीच करा.