उपग्रहचित्रातील धूर-राख आणि रब्बीची फवारणी

इथिओपियाच्या अफार भागातील हायली गुब्बी ज्वालामुखीचा २३ नोव्हेंबर २०२५ रोजी उद्रेक झाला. सुमारे १४ किलोमीटर उंच उडालेली त्याची राख तांबडा समुद्र, येमेन आणि ओमान ओलांडून दुसऱ्याच दिवशी गुजरात, राजस्थान व दिल्लीच्या आकाशात आली. त्यामुळे काही विमाने रद्द करावी लागली. शेतातल्या पिकाशी मात्र तिचा फारसा संबंध आला नाही, कारण ती कित्येक किलोमीटर वरून वाहत निघून गेली. उपग्रह वरून खाली पाहतो, त्यामुळे आपल्या तालुक्यावर दिसणारा करडा पट्टा पानांवर बसला आहे की ढगांच्याही वर आहे, हे नुसत्या छायाचित्रावरून ठरत नाही. अशा वेळी राखेमुळे ‘आम्लपाऊस’ पडेल अशा मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशावर विसंबून घाईघाईने फवारणी करू नये.

इन्सॅट-३डीआर आणि ३डीएस या उपग्रहांची चित्रे भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर नियमित मिळतात. एकच चित्र न पाहता लागोपाठची तीन-चार चित्रे पाहावीत, म्हणजे पट्टा कोणत्या दिशेने सरकतो ते कळते. धुके पांढरेशुभ्र असते, त्याच्या कडा ठसठशीत असतात, ते नदीखोऱ्यात साचते आणि ऊन चढले की विरते. धूर करडा-निळसर, विरळ कडांचा असतो आणि त्यातून खालची जमीन अंधूक दिसत राहते. रात्री उष्णतेवर आधारित अवरक्त चित्रांत विरळ धूर बहुधा दिसतच नाही. उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या नकाशावरील लाल ठिपका सुमारे ३७५ मीटर रुंदीच्या चौकोनाचा मध्य दाखवतो, नेमका बांध नव्हे, म्हणून त्यावरून शेजाऱ्याशी वाद घालू नये.

खरी काळजी जमिनीलगतच्या धुराची घ्यावी. थंडीतल्या निवांत पहाटे चुलीचा धूर वर न जाता छपराच्या उंचीवर आडवा पसरत असेल, तर खाली थंड आणि वर उबदार हवा आहे असे समजावे. अशा वेळी पेटवलेल्या पाचटाचा धूर गावावर रेंगाळतो आणि फवारणीचे बारीक तुषारही हवेत तरंगत शेजारच्या प्लॉटवर जातात. द्राक्ष, कांदा किंवा हरभऱ्यावरील फवारणी त्यामुळे दव उतरून मंद वारा सुरू झाल्यावरच करावी.

धुराचा थर पिकावर बसला आहे का, हे पाहण्यासाठी कोरडे पान ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसावे. काजळी असेल तर काळा पट्टा उमटतो, राख असेल तर बोटाला खरखर लागते. काहीच उमटले नाही तर पाने धुण्यासाठी पाणी मारण्याचा खर्च वाचवावा. द्राक्षबागेत तर पाने विनाकारण ओली ठेवणे म्हणजे डाऊनी या पानांवरील रोगाला आमंत्रण आहे.