एलसीडी बाजूने बघितली तरी रंग बदलू नये म्हणून पिक्सेलचा इलेक्ट्रोड कसा आखायचा

डिझाईनला हात लावायच्या आधी एक करा, समोर जो कुठला एलसीडी असेल त्यावर फुल स्क्रीन पांढरा रंग लावा आणि चारी बाजूंनी तिरकं बघा, मग मधला राखाडी लावून तेच परत करा. पांढऱ्यात निळसर किंवा पिवळट झाक दिसली तर तो एक आजार, राखाडी फिका पडला किंवा त्याचं उजळ-गडद उलटं झालं तर तो दुसरा आजार, आणि दोन्हीवर इलेक्ट्रोडचा (पिक्सेलला व्होल्टेज देणाऱ्या थराचा किंवा पट्ट्यांचा) इलाज वेगवेगळा आहे. काळा रंग तिरक्या कोपऱ्यातून उजळलेला दिसतो तो मुख्यतः एकमेकांना आडव्या लावलेल्या पोलरायझरचा (एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्मचा) दोष, त्याला कॉम्पेन्सेशन फिल्म म्हणजे या दोषाची भरपाई करणारी फिल्म लागते, इलेक्ट्रोडशी खेळून तो जात नाही. लोक तिथेच फुकट वेळ घालवतात.

आता मूळ भानगड. लिक्विड क्रिस्टलचा रेणू लांबट असतो आणि प्रकाशाला तो कुठल्या बाजूने भेटतो त्यावर रंग ठरतो. जुन्या टीएन (ट्विस्टेड नेमॅटिक) पॅनलमध्ये इलेक्ट्रोड वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही काचांवर, विद्युत फील्ड उभं, त्यामुळे राखाडीला सगळे रेणू एकाच दिशेला अर्धवट उठलेले, एका बाजूने बघणाऱ्याला त्यांची लांबी दिसते आणि दुसऱ्याला टोक, म्हणून खालून बघितलं की चित्राचं उजळ-गडद उलटं. आयपीएस (इन-प्लेन स्विचिंग) वाल्यांनी दोन्ही इलेक्ट्रोड एकाच काचेवर आणले, फील्ड आडवं झालं, रेणू उठायच्या ऐवजी जमिनीला समांतर फिरायला लागले. बघायचा कोन एकदम सुधारला पण झाक उरलीच, कारण पांढऱ्यासाठी रेणू ४५ अंश फिरतो आणि मग त्याच्या लांबीच्या दिशेने तिरकं बघितलं की निळसर, आडव्या दिशेने बघितलं की पिवळट.

उपाय सोपा आहे: इलेक्ट्रोडच्या पट्ट्या सरळ काढायच्याच नाहीत, मध्ये वाकवायच्या, < असा आकार. वरच्या अर्ध्यात रेणू डावीकडे फिरतात, खालच्या अर्ध्यात उजवीकडे, एकाची निळी झाक दुसऱ्याची पिवळी खाऊन टाकते. फोनच्या कॅमेऱ्याच्या काचेवर पाण्याचा छोटा थेंब ठेवून स्क्रीन जवळून बघा, बऱ्याच पॅनलमध्ये हे वाकडे पिक्सेल दिसतात.

आज नवीन काही करायचं असेल तर मी साधं आयपीएस सोडून सरळ एफएफएस (फ्रिंज-फील्ड स्विचिंग) घ्या म्हणेन. १९९८ साली कोरियन संशोधकांनी याचा पेपर काढला, आयडिया अशी की खाली आयटीओचा (पारदर्शक पण वीज वाहणारा पदार्थ) सलग कॉमन थर, त्यावर पातळ इन्सुलेटर, आणि वर फटी असलेला पिक्सेल इलेक्ट्रोड. फील्ड फटीच्या कडेवरून वाकून खाली जातं, त्यामुळे पट्टीच्या वरचे रेणू सुद्धा फिरतात. साध्या आयपीएस मध्ये पट्टीवरचा तो भाग जवळजवळ मेलेला असतो. शिवाय दोन थरांमध्ये स्टोरेज कॅपॅसिटर आपोआप मिळतो.

सुरुवातीचे आकडे: पट्टी साधारण ३ मायक्रॉन, फट ४ ते ५, सेल गॅप (दोन काचांमधलं अंतर) ३ ते ४ मायक्रॉन, रिटार्डेशन (क्रिस्टलमधून जाताना प्रकाशाच्या दोन घटकांत पडणारा फरक) पॉझिटिव्ह क्रिस्टलला, म्हणजे ज्याचे रेणू फील्डच्या दिशेने वळतात त्याला, ३५० नॅनोमीटरच्या थोडं वर. हिरव्या प्रकाशाची निम्मी तरंगलांबी २७५ येते, मग जास्त का ठेवायचं? कारण काचेला चिकटलेले रेणू धड फिरत नाहीत, तेवढी भरपाई द्यावी लागते. फट मोठी केली तर तिच्या मधोमध काळपट पट्टा राहतो, पट्टी रुंद केली तर पट्टीच्या मधोमध.

कोन मात्र शांतपणे ठरवा. पॉझिटिव्ह क्रिस्टल असेल तर रबिंगची दिशा (काचेवरचा थर घासून रेणूंना दिलेली मूळ दिशा) आणि फट यांच्यात ७ ते १० अंश ठेवतात. कमी ठेवला तर रेणूला कळत नाही डावीकडे वळू की उजवीकडे, काही चुकीच्या बाजूला वळतात. जास्त ठेवला तर दिशा पक्की होते पण पांढऱ्यासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं, म्हणजे ड्रायव्हरवाला (व्होल्टेज देणारी चिप सांभाळणारा) येऊन भांडतो.

माझं पहिलं डिझाईन जिथे आपटलं ती जागा म्हणजे फटीची टोकं. सिम्युलेशन मी मधल्या भागाचं टू-डी मध्ये केलं होतं, सगळं छान, पॅनल आल्यावर बोटाने दाबलं तर बोटाचा डाग पडला आणि बोट काढल्यावरही जाईना. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर प्रत्येक फटीच्या टोकाला छोटा काळा ठिपका. टोकाला फील्ड आडवं न राहता गोल फिरतं, तिथले रेणू उलटे वळतात, आणि दाबलं की ती उलटी वळलेली जागा आत सरकून मध्येच अडकते. यावर इलाज म्हणजे शेवटच्या काही मायक्रॉनमध्ये फट आणखी वाकवायची, हुकासारखी, म्हणजे उलट्या वळणाला तिथेच बांध बसतो. तेव्हापासून टोकं आणि मधला बाक यांचं थ्री-डी सिम्युलेशन केल्याशिवाय मास्क (इलेक्ट्रोडचा आकार छापायचा साचा) पाठवत नाही.

मधल्या बाकाचीही किंमत असते, डावे आणि उजवे रेणू जिथे भेटतात तिथे कोणीच फिरत नाही, बारीक काळी रेघ राहते. मोठ्या मॉनिटरवर चालतं, पण फोनच्या बारीक पिक्सेलमध्ये ती रेघ महाग पडते, मग एका ओळीतले पिक्सेल एका बाजूला कललेले आणि खालच्या ओळीतले दुसऱ्या बाजूला असं करायचं. मोठ्या पिक्सेलला हे करू नका, आडव्या रेघा दिसतील. आणि हो, डेटा लाईन (पिक्सेलला सिग्नल देणारी तार) आणि ब्लॅक मॅट्रिक्सही (पिक्सेलमधली काळी जाळी) फटींसोबतच वाकवा, नाहीतर कोपऱ्याकोपऱ्यात जागा वाया जाते.

व्हीए (व्हर्टिकल अलाइनमेंट) पॅनल असेल तर गणित वेगळं. तिथे रेणू उभे असतात आणि व्होल्टेजवर पडतात, म्हणून इलेक्ट्रोडला माशाच्या काट्यासारखा आकार द्यायचा, मधे अधिकचं चिन्ह आणि त्यातून ४५ अंशात चारी दिशांना बारीक फटी. चार दिशा झाल्या तरी बाजूने बघितल्यावर राखाडी फिकाच पडतो, चेहऱ्याचा रंग धुतल्यासारखा. म्हणून एका सबपिक्सेलचे दोन तुकडे करून एकाला जास्त, एकाला कमी व्होल्टेज देतात, आठ डोमेन (रेणू वेगवेगळे झुकलेले भाग) होतात, फिकेपणा बराच कमी होतो. बदल्यात ट्रान्झिस्टर वाढतात आणि उजेड कमी होतो.

मोजताना डब्यावरच्या १७८ डिग्रीवर जाऊ नका, तो आकडा फक्त कॉन्ट्रास्ट १० च्या खाली कुठे जातो एवढंच सांगतो, रंगाबद्दल काहीच नाही. लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि दोन-तीन राखाडी घ्या, सगळीकडे ६० अंशाने तिरकं बघून समोरच्या रंगाशी फरक काढा, आणि बघायची दिशा चारीकडे फिरवा. फक्त डावी-उजवीकडून मोजलेलं पॅनल कोपऱ्यातून दगा देतं.