जुन्या जीपचं स्टिअरिंग बदलताना

ठोसेघर-चाळकेवाडीकडच्या दगडी वाटांवर जीप नेता म्हणून छोटं, जाड पकडीचं स्टिअरिंग बसवायचंय? गाडीत एअरबॅग असेल तर हात लावू नका, विषय संपला. पॉवर स्टिअरिंग नसेल तरी दोनदा विचार करा. स्टिअरिंगचं चाक जितकं लहान, तितकं वळवायला जड. यवतेश्वर घाटात खांदे बोलायला लागतात.

आधी पुढची चाकं सरळ करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्टिअरिंगच्या मधला नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. वर्षानुवर्षं अडकलेलं स्टिअरिंगचं चाक एकदम सुटतं. माझ्या नाकानं हे अनुभवलंय. हातोडी नको, पुलर (चाक ओढून काढायचं अवजार) लावा. तो गॅरेजवाल्याकडं मिळतो. चाक उपसण्याआधी शाफ्टवर (स्टिअरिंगच्या दांड्यावर) आणि चाकाच्या बॉसवर, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या मधल्या भागावर, एका रेषेत खूण करा. नवा बॉस तुमच्याच शाफ्टच्या दात्यांचा हवा; ‘बसतंय की दाबून’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. हॉर्नची वायर पूर्ण वळणातही ताणली जात नाही ना, ते बघा. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनंच (आवळायच्या जोरानंच) आवळा.

आणि खडकाळ वाटेवर अंगठे रिंगच्या आत घालू नका. पुढचं चाक दगडाला अडलं की स्टिअरिंग झटका देतं.